भांडी धुण्याचे यंत्र आणि कढईचे किटण

भांडी धुण्याचे यंत्र घेण्यासाठी दुकानात गेलेले मराठी कुटुंब किंमत, हप्ते आणि हमीची मुदत यांची चौकशी करण्यापूर्वी बहुधा एकच प्रश्न विचारते : ‘कढई निघेल का?’ विक्रेता ठामपणे होकार देतो. काही यंत्रांवर तर खास कढईच्या नावाचाच एक कार्यक्रम असतो. त्या खुणेकडे बोट दाखवले की शंकेला जागा उरत नाही आणि व्यवहार पुरा होतो. पुढे सहा महिन्यांनी त्याच घरात डोकावले तर पुष्कळदा असे दिसते की, ताटे, वाट्या, पेले आणि चमचे यंत्रात गेलेले आहेत. आणि कढई, कुकर, तवा व दूध तापवण्याचे पातेले मात्र पूर्वीप्रमाणेच नळाखाली पाणी भरून भिजत पडलेले आहे. प्रश्न ज्या भांड्यासाठी विचारला गेला ते भांडेच नेमके बाहेर राहिले.

असे का व्हावे? विक्रेत्याने फसवले असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही, आणि ‘आपल्या स्वयंपाकाला ही विलायती यंत्रे चालायची नाहीत’ या घाऊक निकालातही फारसे तथ्य नाही. यंत्र कोणते काम करते, कोणते करीत नाही, आणि जे करीत नाही ते शेवटी कोणाच्या हातावर पडते, याचा तपशिलाने विचार करणे आवश्यक आहे. मार्च २०२० मधील टाळेबंदीत कामाला येणाऱ्या बायकांचे येणे एकाएकी बंद झाले आणि शहरी मध्यमवर्गाने प्रथमच या यंत्राकडे चैनीची वस्तू म्हणून न पाहता गरजेची वस्तू म्हणून पाहिले. मागणी वाढली. टाळेबंदी संपली, परंतु यंत्रे घरात राहिली. तेव्हा त्यांच्या कामाचा हिशेब मांडण्यास आता पुरेसा अवधी गेलेला आहे.

या यंत्राचा जन्मच मुळी कढईसाठी झालेला नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल या गावी राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रन या सुखवस्तू बाईंच्या घरची उंची चिनी मातीची भांडी नोकरांच्या हातून धुताना टवके उडून खराब होत असत. ती सुरक्षित धुतली जावीत म्हणून त्यांनी यंत्राचा ध्यास घेतला. पतीच्या निधनानंतर अंगावर आलेल्या कर्जामुळे ही हौस उद्योगात बदलली. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना पेटंट मिळाले. तारेच्या कप्प्यांत भांडी बसवावयाची, ते कप्पे तांब्याच्या हंड्यातील चाकावर चढवावयाचे आणि खालून साबणाच्या गरम पाण्याचे फवारे मारावयाचे, अशी ती रचना होती. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात हे यंत्र गाजले. पण त्याचे गिऱ्हाईक गृहिणी नव्हती, तर हॉटेले आणि उपाहारगृहे होती. घरोघरी ते पोचावयास दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ उजाडावा लागला. सारांश, नाजूक ताटल्या न घासता, न फोडता धुणे हा या यंत्राचा मूळ हेतू. ‘न घासता’ हे त्याचे वैशिष्ट्य आहे आणि कढईच्या बाबतीत तोच त्याचा दुबळेपणाही आहे.

चार घटकांचा मेळ

धुण्याच्या क्रियेचे एक साधे पण फार उपयुक्त विवरण हर्बर्ट झिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये केले. कोणतीही स्वच्छता चार घटकांच्या मेळातून साधते : रसायन, उष्णता, वेळ आणि घर्षण. यांपैकी एक घटक कमी केला तर उरलेल्यांपैकी एक किंवा अनेक वाढवावे लागतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही मांडणी ओळखीची वाटेल. भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण बदलून तेच उत्पादन काढता येते, तसाच हा प्रकार आहे. आणि तेथल्याप्रमाणे येथेही एका घटकाची जागा दुसरा घटक संपूर्णपणे घेऊ शकत नाही.

हाताने भांडी घासताना घर्षण भरपूर असते. नारळाची शेंडी, काथ्या, तारेची घासणी आणि मनगटाचा जोर. परंतु पाणी थंड असते किंवा फार तर हाताला सोसेल इतके कोमट. रसायन सौम्य असावे लागते, कारण ते कातडीला लागते. आणि एका भांड्याला मिळणारा वेळ एखाद्या मिनिटाचा. यंत्रात नेमके उलट. तेथे घर्षण म्हणजे फिरत्या दांड्याच्या छिद्रांतून येणारा पाण्याचा मारा, एवढेच. ती उणीव भरून काढण्यासाठी पाणी ५० ते ७० अंश सेल्सियसपर्यंत तापवले जाते, हाताला मुळीच चालणार नाही इतकी अल्कधर्मी पूड किंवा वडी वापरली जाते आणि दोन-दोन, तीन-तीन तास भांडी त्या वाफाळत्या माऱ्याखाली ठेवली जातात. वीज वाचवणारा कार्यक्रम सर्वांत अधिक वेळ घेतो याचे पुष्कळांना नवल वाटते. परंतु तेथे उष्णता कमी केलेली असते, म्हणून वेळ वाढतो. दुसरे काही नाही.

आपल्याकडील जुन्या पद्धतीतही हे चारही घटक होतेच. चुलीतल्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. तो तेलकटपणा कापतो आणि राखेचे बारीक कण घर्षण पुरवतात. पितळेला आणि तांब्याला चिंच लावण्यामागे आम्लाने डाग विरघळवण्याचे तत्त्व होते. खरकटे काढून, पाणी घालून भांडे तासभर बाजूला ठेवणे हा वेळेचा उपयोग होता. ही कामे करणाऱ्या स्त्रियांना रसायनशास्त्र शिकवावे लागले नाही.

घाणीचे प्रकार

आता प्रत्यक्ष भांड्यांकडे वळू. ‘फार खराब झालेले भांडे’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. कारण दिसावयास सारख्याच वाटणाऱ्या घाणीचे अंतरंग अगदी भिन्न असते आणि यंत्राचे यशापयश त्यावरच ठरते.

भाताचे पातेले आणि वरणाचे टोप पाहा. कडेला वाळून कडक झालेली शिते आणि डाळीचे पापुद्रे हाताने काढावयाचे म्हणजे नखांनी खरवडण्याची पाळी. पण यंत्राच्या दृष्टीने हे सोपे काम आहे. पिठूळ पदार्थ तोडणारी आणि प्रथिने तोडणारी अशी दोन प्रकारची विकरे आजच्या चांगल्या वडीत असतात. त्यांना गरम पाणी आणि तासभर अवधी मिळाला की, वाळलेला भात आपोआप सुटून येतो. तेलकट भाजीची स्टीलची कढई, जिच्यात तेल आहे पण करपलेले काही नाही, तीही उत्तम निघते. किंबहुना हाताने घासल्यावर राहणारा ओशटपणा तेथे औषधालाही उरत नाही. ६५ अंशांवर तेल पातळ होते, क्षाराने त्याचा काही अंश साबणात बदलतो आणि पाणी ते वाहून नेते. गुलाबजामांच्या पाकाचे पातेले, आमटीचा टोप, तुपाची वाटी, ताकाचा गडवा या सर्वांच्या बाबतीत यंत्राला शंभर गुण द्यावयास हरकत नाही.

दूध लागलेले पातेले ही पुढची पायरी. तळाला चिकटलेल्या खरवडीत दुधातील प्रथिने आणि कॅल्शियमचे क्षार एकत्र घट्ट बसलेले असतात. खरवड तपकिरी असेपर्यंत विकरांचा तिच्यावर इलाज चालतो, विशेषतः पातेले आधी चार तास पाण्यात ठेवले असेल तर. काळी पडली की विकरांचे काम संपले. विकर ही एक प्रकारची कात्री आहे, आणि ती ठरावीक शिवणीच कापते. जळून कोळसा झालेल्या पदार्थात ती शिवणच उरलेली नसते. करपलेल्या भाजीचा, लागलेल्या खिरीचा, बुडाशी जळलेल्या मसाल्याचा काळा थर म्हणून यंत्रातून बाहेर येतो तो थोडा मऊ होऊन. घासणीने तो पूर्वीपेक्षा लवकर निघतो हे खरे. परंतु घासणी हातात घ्यावीच लागते.

आणि सर्वांत कठीण प्रकार म्हणजे किटण. तळणीच्या कढईच्या काठावर, तव्याच्या कडेला, कढईच्या बाहेरच्या अंगाला जो चिकट, पिवळट-तपकिरी आणि पुढे काळा होणारा थर बसतो, त्याला लोक तेलकटपणा म्हणतात. वस्तुतः तो आता तेल राहिलेलाच नसतो. तापलेल्या धातूवर तेलाचा पातळ थर हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि एक कठीण, पाण्यात न विरघळणारे आवरण तयार होते. जवसाच्या तेलापासून वॉर्निश बनते तीच ही क्रिया. ज्या तेलात असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण अधिक, त्याचे किटण लवकर धरते; करडई, सूर्यफूल आणि सोयाबीन ही तेले या बाबतीत शेंगदाण्याच्या तेलापुढे आहेत आणि खोबरेल किंवा तूप पुष्कळच मागे. करडईचे तेल रंग आणि वॉर्निशच्या धंद्यात वापरले जाते ते उगीच नव्हे. आता दाराला दिलेले वॉर्निश जर पाण्याच्या फवाऱ्याने निघत नसेल, तर कढईच्या काठावरचे का निघावे? तीव्र क्षारात दीर्घकाळ ठेवले तर हे आवरण हळूहळू सैल पडते. भट्ट्या साफ करण्याच्या रसायनात म्हणूनच कॉस्टिक सोडा असतो. घरगुती यंत्राच्या वडीत तेवढी तीव्रता नसते आणि नसणेच इष्ट आहे.

येथे एक गंमतीची गोष्ट आहे. स्टीलच्या कढईवरचे हेच आवरण ज्या घरात घाण मानतात, त्याच घरात लोखंडी तव्यावरच्या त्याच आवरणाला जिवापाड जपतात. तवा ‘मुरलेला’ असतो तो त्याच्यामुळे. गंजापासून त्याचे रक्षण होते ते त्याच्यामुळेच. भाकरी आणि धिरडे न चिकटता सुटते तेही त्यामुळेच.

हळदीचा पिवळा रंग हे भारतीय घरांचे आणखी एक खास प्रकरण. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो आणि प्लॅस्टिकच्या डब्यांत शिरून बसतो. वडीतील प्राणवायू सोडणारे विरंजक त्याला फिका करते, पण प्लॅस्टिकमधून पूर्णपणे काढत नाही. डबा दोन दिवस उन्हात ठेवला तर अधिक गुण येतो, आणि ऊन फुकट आहे.

घर्षणाच्या अभावाने कढई अडते, या निदानाला पुरावा हवा असेल तर तो मोठ्या स्वयंपाकघरांत सापडतो. ज्या उपाहारगृहांत ताटल्या धुण्याची मोठी यंत्रे आहेत, तेथेही स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी वेगळी मोरी आणि वेगळा माणूस असतो. स्वीडनमध्ये या अडचणीवर जो तोडगा निघाला तो पाण्याबरोबर प्लॅस्टिकचे बारीक दाणे भांड्यांवर जोराने फेकण्याचा. म्हणजे वजा केलेले घर्षण पुन्हा आत आणावे लागले. घरगुती यंत्रात अशी सोय नाही.

धातूचा प्रश्न

यंत्रातून भांडे स्वच्छ निघणे एक आणि धड निघणे दुसरे. मराठी घरात अनेक वर्षे वापरात असलेली भांडी स्टीलची असतात, तशीच ॲल्युमिनियम, हिंदालियम, लोखंड, पितळ आणि लाकूड यांचीही असतात. ॲल्युमिनियम हा धातू क्षारात टिकाव धरीत नाही; त्याच्यावरील संरक्षक थर विरघळतो आणि भांडे काळवंडते, पुसले तर हाताला करडा राप लागतो. बहुसंख्य घरांतील प्रेशर कुकर याच धातूचा आहे. रोज सकाळी डाळभात ज्यात शिजतो ते भांडेच यंत्राला वर्ज्य ठरते, ही काही किरकोळ बाब नाही. लोखंडी तव्यावरचे मुरलेले आवरण जरी सहजासहजी निघत नसले, तरी वारंवारच्या गरम क्षाराने ते विरळ होते, तासन्‌तास ओल्या वाफेत राहिल्याने गंज धरतो आणि पुढच्या भाकरी तव्याला चिकटू लागतात. कल्हईच्या पितळी पातेल्याची चकाकी जाते. लाकडी पळी, पोळपाट-लाटणे फुगून तडकतात. म्हणजे यंत्र घेणाऱ्या कुटुंबाला यंत्राबरोबर भांडीही बदलावी लागतात, आणि हा खर्च दुकानातल्या किंमतपट्टीवर छापलेला नसतो.

मांडणीचा प्रश्नही काही कमी नाही. पाण्याचा मारा सरळ रेषेत जातो. तो वळून भांड्याच्या पाठीमागे जात नाही. कढई खालच्या कप्प्यात, पालथी आणि थोडी तिरपी ठेवली तरच तिचे पोट धुतले जाते. एक मोठी कढई आणि एक परात ठेवली की खालचा कप्पा संपला. वर तिने फिरत्या दांड्याला अडथळा केला तर त्या दिवशीची सगळीच भांडी अर्धीमुर्धी निघतात. यंत्राच्या क्षमतेचे माप बारा किंवा चौदा माणसांच्या ताटल्या-पेल्यांत दिलेले असते. ते युरोपीय जेवणाच्या मेजाचे माप आहे. कढई-टोपांच्या मापाने तेच यंत्र बरेच लहान ठरते. फोडणीतली मोहरी, कढीपत्त्याची पाने आणि डाळीची साले तळाच्या गाळणीत अडकतात. ती गाळणी दर दोन-तीन दिवसांनी काढून नळाखाली धुवावी लागते. खरकट्याला हात न लावण्याचे स्वप्न तेथे संपते.

पाण्याचा जडपणा हे आणखी एक विघ्न. दख्खनच्या काळ्या कातळातून येणारे विंधनविहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. यंत्रात मीठ घालावे लागते ते जडपणा काढणाऱ्या राळेला पुन्हा ताजे करण्यासाठी. स्वयंपाकाचे आयोडिनयुक्त मीठ तेथे चालत नाही. हे मीठ संपले की, पेल्यांवर पांढरी साय धरते आणि दोष वडीला दिला जातो. वडीचाही एक इतिहास आहे. पूर्वी तिच्यात फॉस्फेटचा मोठा वाटा असे. जडपणा आवरणे आणि घाण पाण्यात तरंगती ठेवणे ही दोन्ही कामे ते फार उत्तम करीत असे. परंतु सांडपाण्यातून ते तलावांत जाऊन शेवाळ माजवते, म्हणून अमेरिकेतील अनेक राज्यांनी २०१० पासून आणि युरोपीय संघाने २०१७ पासून त्याच्यावर कडक मर्यादा घातल्या. त्यानंतर अमेरिकेत ‘यंत्रे पूर्वीसारखी धूत नाहीत’ अशी ओरड झाली आणि उत्पादकांना विकरांचे प्रमाण व मिश्रण सुधारावे लागले. तलाव वाचवण्याची किंमत काही काळ ताटल्यांनी भरली असे म्हणता येईल.

पाणी, वीज आणि हिशेब

यंत्राच्या समर्थनार्थ पाणी आणि विजेच्या बचतीचा दाखला नेहमी दिला जातो. तो कोठून आला हे पाहणे बोधप्रद आहे. जर्मनीतील बॉन विद्यापीठाच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सात युरोपीय देशांतील ११३ व्यक्तींना बारा माणसांच्या जेवणाची भांडी हाताने धुवावयास दिली. सरासरीने त्यांनी १०३ लिटर पाणी, २.५ युनिट ऊर्जा आणि ७९ मिनिटे खर्च केली. यंत्राला त्याच कामासाठी १५ लिटरच्या आसपास पाणी पुरते. आकडे खरे आहेत. पण ही भांडी होती ताटल्या, कप, पेले, काटे-चमचे आणि वाढण्याची भांडी. युरोपच्या त्या वेळच्या प्रमाणित चाचणीत दूध, चहा, खिमा, अंडे, ओट, पालक आणि मार्गारीन यांचे डाग घेतले जात. फोडणीची कढई तेथे असण्याचे कारणच नव्हते. पुढे चाचणीचे मानक सुधारले तेव्हा थोडी स्वयंपाकाची भांडी त्यात आली, पण तीही युरोपीय स्वयंपाकाची.

ऊर्जेच्या बचतीचा मुद्दा तर आपल्याकडे सरळ उलटतो. तेथे हाताने धुणारा माणूस गरम पाण्याचा नळ सोडतो, आणि २.५ युनिट ऊर्जा लागते ती पाणी तापवण्यास. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासातही, वाहत्या गरम पाण्याखाली धुणाऱ्यापेक्षा यंत्र सरस ठरले. मात्र दोन टोपल्यांत, एकीत साबणाचे आणि दुसरीत साधे पाणी घेऊन धुणारा माणूस प्रदूषणाच्या हिशेबात यंत्रापेक्षाही काकणभर सरस ठरला. महाराष्ट्रात भांडी घासली जातात ती बहुतेक थंड पाण्याने. तेव्हा यंत्राने येथे विजेची बचत होत नाही. एका खेपेला सुमारे एक युनिट विजेची भर पडते. पाण्याची बचत मात्र खरी आहे, जेथे नळ सोडून भांडी विसळण्याची सवय आहे तेथे. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या वस्तीत दोन घमेल्यांत भांडी निघतात आणि तेथे बचतीला फारसा वाव नसतो.

आता कुटुंबाच्या वहीत हा व्यवहार कसा दिसेल? उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. यंत्राची किंमत ४० हजार रुपये आणि आयुष्य दहा वर्षे मानले तर घसारा वर्षाला ४ हजार. गुंतलेल्या पैशावरचे व्याज, सरासरी निम्म्या रकमेवर सात टक्क्यांनी, १,४०० रुपये. दोन्ही मिळून महिन्याला ४५० रुपये. रोज एक वडी १५ रुपयांची धरली तर महिन्याला आणखी ४५०. रोज सव्वा युनिटाच्या आतबाहेर वीज, तिचे ३६० रुपये. मीठ आणि चकाकीचे द्रावण १४० रुपये. एकूण महिन्याला १,४०० रुपये. स्टीलच्या नव्या भांड्यांचा खर्च यात धरलेला नाही. शिवाय यंत्र दोन-तीन तास चालते आणि तेही भरले की चालवावयाचे असते. म्हणजे सकाळची कढई संध्याकाळी हाताशी नसते. एकीच्या जागी दोन कढया, दोन पातेली, दुप्पट वाट्या लागतात. कारखान्याला जसे खेळते भांडवल लागते तसे ते या यंत्रालाही लागते, फक्त ते फडताळात दिसते.

या १,४०० रुपयांच्या बदल्यात वेळ किती वाचला, हा खरा प्रश्न आहे. आणि येथेच सरासरीने विचार करणारा माणूस फसतो. समजा, चौघांच्या घरात दिवसाला चाळीस नग निघतात. त्यांतील पस्तीस ताटे-वाट्या-चमच्यांचे आणि पाच कढई, कुकर, तवा, दुधाचे पातेले आणि फोडणीच्या पळीसारखे. नगांच्या हिशेबाने यंत्राने पस्तीस उचलले, म्हणजे सात-अष्टमांश काम संपले असे वाटते. पण वाटीला अर्धे मिनिटही लागत नाही आणि करपलेल्या कढईला पाच-सात मिनिटे लागतात. वेळेच्या हिशेबाने त्या पाच भांड्यांतच जवळजवळ निम्मे काम असते. शिवाय अंग मोडणारे, हाताची साले काढणारे काम सगळे त्याच निम्म्यात.

हे उरलेले निम्मे कोण करते? राष्ट्रीय वेळ-उपयोग सर्वेक्षणानुसार २०१९ मध्ये घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषांनीही आपली नऊ कमी करून घेतली. यंत्रात ताटल्या रचण्याचे काम पुरुष आनंदाने पत्करतो, कारण त्यात थोडी बुद्धी लढवावी लागते आणि बटण दाबण्याचा मान मिळतो. कढई मात्र नळाखाली राहते. तिच्या वाटणीबद्दल घरात चर्चा होत नाही.

ज्या घरी कामाला बाई येते तेथे प्रश्न अधिक नाजूक होतो. शहरांतून धुणे, भांडी, केर-फरशी यांचे दर वेगवेगळे ठरतात आणि भांड्यांचा दर बहुधा घरातल्या माणसांच्या संख्येवर. यंत्र आले की, ‘आता भांडी राहिलीच कुठे?’ असे म्हणून तो दर कमी करण्याकडे किंवा ‘चार भांडी सहज घासून टाका’ असे सांगून ती केर-फरशीच्या पैशांत बसवण्याकडे मालकिणीचा कल असतो. चार भांडी ही संख्येने चारच असतात. पण हलकी कामे यंत्राकडे गेल्यानंतर तिच्या वाट्याला दिवसभर, एका घरामागून दुसऱ्या घरी, फक्त किटण आणि खरवडच येते. सहा घरी मिळून रोज दोन डझन करपलेली भांडी घासणारीला मध्ये विसावा देणारी वाटी-चमच्यांची हलकी कामे उरत नाहीत, आणि मजुरी मात्र कमी झालेली असते. पुण्यात १९८० मध्ये घरकामगार स्त्रियांनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. राज्यात २००८ मध्ये घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरीही घरकामाचा दर अजून दारातल्या बोलण्यावरच ठरतो, आणि त्या बोलण्यात यंत्राचा दाखला हा आता एक नवा युक्तिवाद झाला आहे.

यावर उपाय नाही असे नाही. करपलेल्या भांड्यात रात्रीच गरम पाणी आणि चमचाभर धुण्याचा सोडा घालून ठेवणे हे काम घरच्यांचे आहे, बाईचे नव्हे. त्याने सकाळचे घासणे पुष्कळ हलके होते. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र सोडा लावू नये, त्याला नुसते पाणी उकळून घ्यावे. यंत्रात घालावयाची भांडी आधी नळाखाली लख्ख करून घेण्याची सवयही सोडावयास हवी. पाण्याचा गढूळपणा मोजून कार्यक्रम ठरवणारी यंत्रे असतात. त्यांना आधीच स्वच्छ भांडी दिली तर ती कमी धुतात आणि मग कढईच्या काठाला धक्काही लागत नाही. खरकटे निपटून काढावे, पण विसळू नये. आणि यंत्र असलेल्या घरी भांड्यांचा दर माणसांवर किंवा नगांवर न ठरवता लागणाऱ्या वेळेवर ठरवावा : रोजची वीस मिनिटे किंवा अर्धा तास, कढई-कुकर-तव्यासह, आणि ज्या दिवशी पुऱ्या किंवा चकल्या तळल्या असतील त्या दिवशी वरची मिनिटे वेगळी मोजून.